पास्कीनमावशींचा उजवा हात

चर्चची संध्याकाळची घंटा झाली की पास्कीनमावशी बावखलाच्या पायरीवर येऊन बसत. वाडीच्या शिंपण्यासाठी खणलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला वसईकडे बावखल म्हणतात. कडेला नारळ, पाण्यावर शेवाळ आणि शेवाळावर डास. मावशी चोळीच्या बाह्या वर सारत, दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवत आणि मग हलायचं नाव नाही. डाव्या हाताला तेल चोपडलेलं असे, उजवा कोरडा. उजव्या हातावर डास बसला तर त्या त्याला मारत नसत, हाकलत नसत, फुंकरही घालत नसत. डाव्या हाताच्या बोटांत जपमाळ असे, तिचा एक मणी पुढे सरके. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी रोझरी म्हणतेय. प्रत्यक्षात त्या डास मोजत असत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. मलेरिया खात्यात लागून मला तीन आठवडे झाले होते. माझं मूळ गाव घाटावरचं, तिथे पाण्याचीच बोंब, तर डास कुठले? इथे अर्नाळ्याच्या रस्त्यावरची पाच गावं माझ्या वाट्याला आली. खांद्याला पिशवी, पिशवीत काचपट्ट्या, सुई, स्पिरिट, कापूस आणि कडू गोळ्या. दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचं, ताप कोणाला आहे का विचारायचं, असेल त्याच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि दारामागच्या भिंतीवर तारीख टाकून सही करायची. मुलं मला पाहिलं की 'रगतवाला आला' म्हणत पळत आणि मोठी माणसं तापाने फणफणत असली तरी 'काय नाय, बरा हाय' म्हणत. त्या संध्याकाळी शेवटचं घर उरकून परतताना मला पायरीवर ही बाई दिसली. उजव्या हातावर पाच-सहा डास पोट फुगवून बसलेले.

"मावशी, डास चावतायत तुम्हाला," मी म्हणालो.

"म्हाइत हाय. एकोनीस झाले. बोलू नको, चुकंन."

मी तिथेच उभा राहिलो आणि स्वतःच्या मानेवर, पोटऱ्यांवर, कपाळावर थपडा मारत राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी माळ खाली ठेवली, माझ्याकडे वळून पाहिलं आणि पिशवीवरून मी कोण ते ओळखलं. "मलेरियाचा मानूस तू? मंग डास तुलाच कशे खातात?" खात्याने आम्हाला डासांविषयी बरंच शिकवलं होतं, पण आमच्या अंगाला लावायला काही दिलं नव्हतं. मावशींनी कनवटीची छोटी बाटली काढली आणि माझ्या दोन्ही हातांना तेल लावलं. वास असा उग्र की मी तोंड फिरवलं. "वास येतो ना? डासाला पन येतो. म्हनून तं लावायचा."

तेल करंजाचं होतं. वाडीच्या कुंपणाच्या करंजांच्या शेंगा त्या उन्हाळ्यात वेचत, बिया वाळवून घाण्यावरून तेल काढून आणत आणि त्यात निरगुडीचा पाला, कडुनिंब आणि गवती चहाची पात मंद आचेवर तासन्‌तास शिजवत. त्यांचं माहेर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचं, मासेमारी करणाऱ्यांचं. लहानपणी त्यांनी पाहिलं होतं की होडीच्या फळ्यांना करंजाचं तेल देणारी माणसं संध्याकाळी किनाऱ्यावर उघडीबंब बसतात, तरी त्यांना डास लागत नाहीत. बाकीच्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्या फळ्यांचं तेल अंगाला लावून, एक हात तसाच उघडा ठेवून, दोन्हींवरचे डास मोजायचं डोकं एकट्या पास्कीनचं. पुढे लग्न होऊन त्या या वाड्यांच्या गावात आल्या, नवरा गेला, मुलगा जोसफ केळी आणि फुलं लावू लागला. मोजणी चालूच राहिली. तेलाचा प्रत्येक नवा घाणा उतरला की आठ दिवस त्या पायरीवर बसत आणि आकडे पटले तरच तेल गावात देत. कोणाकडून त्याचं काही घेत नसत. दोन्ही हातांना का लावत नाही, असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "उघडा हात नसला तं मोजायचा कशाशी?"

मोजण्याचं हे वेड फक्त डासांपुरतं नव्हतं. यंदा डास फार झालेत असं कोणी बोललं की मावशी विचारत, "फार म्हंजे किती?" एकदा आमचे तालुक्याचे साहेब पाहणीला आले आणि ऐटीत म्हणाले, "फवारणीमुळे डास पुष्कळ कमी झाले आहेत." मावशी दारातच उभ्या होत्या. "पुष्कळ म्हंजे किती?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी छपराकडे पाहिलं.

फवारणीचीही एक गंमत होती. खात्याची माणसं येऊन भिंतींवर औषध मारून जात. भिंतीवर पांढरट थर बसे आणि त्यावर टेकलेला डास मरे, असा हिशेब. पण फवारणी नेमकी गावच्या सणाच्या आधी यायची आणि सणाला घर रंगवलं नाही तर पाहुण्यांना तोंड कसं दाखवायचं? फवारणीवाले गावाबाहेर पडले नाहीत तोच घरोघर चुन्याची बादली निघे. चार दिवसांत औषधावर चुन्याचा हात बसून सगळं गाव पांढरंशुभ्र. मावशींच्या घरालाही जोसफने चुना लावलाच. फक्त कोठीची एक भिंत त्यांनी अडवून धरली. पुढच्या फेरीला मी गेलो तेव्हा म्हणाल्या, "चुन्याच्या भिंतीवर सात बसतात, पावडरीच्या भिंतीवर एक. अर्धा काम तुमी करता, अर्धा आमी पुसतो." मी ते आमच्या अहवालात लिहिलं नाही. 'फवारणी पूर्ण' असं लिहिलं, कारण ती पूर्ण झाली होती.

माझं आणि मावशींचं असं जमलं. माझ्या फेऱ्यांत त्यांचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवत असे, म्हणजे घंटेच्या वेळी तेल लावून मिळे आणि सून ग्रेसीच्या हातचा चहा. ग्रेसी सोपाऱ्याकडची, हसरी, जरा घाबरट. सासूचं तेलाचं वेड तिने हसत हसत स्वीकारलं होतं. घंटा झाली की ती हातातलं काम टाकून दोन्ही हात पुढे करी आणि मावशी तिला आधी तेल लावत, मग बाटली घेऊन बाहेर पडत. तिला दिवस गेले तेव्हा तर हात, पाय, मान, कानाच्या पाळ्यासुद्धा सुटत नसत. "पोटात असताना मलेरिया लय वंगाल," मावशी म्हणत. हे खरं होतं आणि आमच्या पुस्तकातही होतं.

त्याच पावसाळ्यात ताप परत आला. मलेरिया आता संपलाच असं आम्ही धरून चाललो होतो, आणि एकेका फेरीत माझ्या काचपट्ट्या पुरेनाशा झाल्या. गावागावांतून माणसं गोधड्या पांघरून उन्हात बसलेली दिसू लागली. मावशींचं तेल घरोघर गेलं. घंटा झाली की सगळं गाव करंजाच्या वासाने भरून जाई आणि मलाही वाटे, बरं आहे, तेवढेच डास कमी चावतील. मी कोणाला अडवलं नाही.

मग ग्रेसीला ताप आला. सातवा महिना चालू होता. माझी फेरी होऊन दोनच दिवस झाले होते, म्हणजे पुढची फेरी तेरा दिवसांनी. जोसफ म्हणाला, रगतवाल्याला निरोप पाठवतो. मावशी म्हणाल्या, नको. त्यांचा हिशेब सरळ होता. ग्रेसीला रोज तेल लावलं जातंय. तेल लावलेल्या हातावर डास बसत नाही, हे त्यांनी शंभरदा मोजलेलं. मग हिला मलेरिया होईलच कुठून? हा पोटुशीचा कडकीचा, अंगातल्या उष्णतेचा ताप, पेज आणि काढा दिला की उतरेल. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी जोसफ आईला न विचारता सायकलवरून मला शोधत आला. मी ग्रेसीच्या बोटाला टोचलं तेव्हा तिला थंडी भरून दात वाजत होते. तिने डोळे मिटून घेतले होते. मी गोळ्या दिल्या आणि जोसफला म्हणालो, आजच्या आज गाडी करून मोठ्या दवाखान्यात ने.

काचपट्टीत मलेरिया निघाला. ग्रेसी वाचली, मूल गेलं. मुलगा होता.

त्यानंतर त्या घरात मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा ग्रेसी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. घंटा झाली, मावशी बाटली हातात घेऊन तिच्या दारापर्यंत गेल्या, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. ग्रेसीने हात पुढे केले नव्हते. ती ओरडली नाही, भांडली नाही. तिने फक्त तेल लावून घेणं बंद केलं आणि सासूशी बोलणंही. मावशी रोज घंटेला पायरीवर जात राहिल्या, पण आता पूर्वीसारख्या पाऊण तासाने उठत नव्हत्या. जोसफ मला म्हणाला, आय जेवायला येत नाही, नऊ-दहापर्यंत तिथेच बसते, तुम्ही तरी सांगून बघा.

मी एका संध्याकाळी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. समजावायचे दोन-चार शब्द ठरवून आलो होतो, ते राहिलेच. मावशी माझ्याकडे न बघता बोलू लागल्या.

"घंटेला तेल लावला. आठपतूर डाव्यावर एक, उजव्यावर तीस. नऊपतूर डाव्यावर चार. नवानंतर दोनी हात सारके. आठ दिस मोजला, आठी दिस तोच." मग माळ खाली ठेवून, "आनि नवानंतरचे डास वेगले हायत. घंटेचे असतात ते सपाट बसतात, कानाशी वरडतात. हे ढुंगन वर करून बसतात. गपचूप येतात."

आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत दोन डासांची चित्रं शेजारी शेजारी होती. एक भिंतीला समांतर बसलेला, दुसरा मागचा भाग उचलून तिरका. तिरका तो मलेरियाचा. खाली लिहिलेलं होतं की तो अंधार चांगला पडल्यावर, माणसं निजायच्या सुमाराला चावतो. परीक्षेत मला त्या चित्राचे पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. आणि तोच मी दर फेरीला घंटेच्या वेळी हात पुढे करून तेल लावून घेत होतो आणि सगळं गाव घंटेला तेल लावून निर्धास्त निजतंय हे बघत होतो.

मी त्यांना हे सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

मावशींनी आता मान वळवली. "तुला म्हाइत होता?"

"हो."

"मंग सांगितला का नाय?"

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हणालो. आयुष्यात इतकं लाजिरवाणं वाक्य मी दुसरं बोललेलो नाही. खरं म्हणजे त्यांचं तेल मी कधी मनावर घेतलंच नव्हतं. ते म्हातारीचं वेड होतं, चहाबरोबर मिळणारं. वेड्याला कोण वेळापत्रक सांगतं?

त्या रागावतील असं वाटलं. त्यांनी पाण्याकडे तोंड वळवलं. "मना मोजता येतो, तुला वाचता येतो," त्या म्हणाल्या. "दोगांनी आपापला आपल्यापाशी ठेवला. मदी पोर गेला." एवढं बोलून त्यांनी माळ उचलली, कारण उजव्या हातावर एक बसला होता.

पुढच्या रविवारी मिस्सा संपून माणसं बाहेर आली तेव्हा मावशी चर्चच्या आवारात क्रुसाजवळ उभ्या होत्या. आवाज काही मोठा नव्हता, पण त्या अशा मधोमध उभं राहून बोलल्याचं कोणी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून माणसं थांबली. मी मुद्दाम गेलो होतो. "माज्या तेलाचा दम दोन घंट्याचा हाय," त्या म्हणाल्या. "तापाचा डास त्याच्यानंतर येतो. मी तुमाला सांगितला, घंटेला लावा नि निजा. ते चुकीचा सांगितला. निजताना परत लावायचा. आनि ताप आला तं तेलाच्या भरवशावर बसायचा नाय, रगत द्यायचा, गोली घ्यायची. तेल डासाला, गोली तापाला. मी बसली भरवशावर. माज्या घरात काय झाला ते तुमाला म्हाइत हाय."

लोकांना हे आवडलं नाही. माणसाला पूर्ण खात्रीची वस्तू हवी असते. दोन तासांची खात्री घेऊन काय करायचं? कोणी म्हणालं, दुःखाने म्हातारीचं डोकं फिरलं. कोणी म्हणालं, तेलात आता पहिल्यासारखा गुण राहिला नाही. पाच-सहा घरांनी तेल घेणं सोडलं, उरलेल्यांनी निजताना लावायला सुरुवात केली. ग्रेसी चर्चच्या दाराशी डोक्यावरचा पदर धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि घरी गेली.

आठवड्याभराने मावशी स्वतः चालत माझ्या खोलीवर आल्या. तोंड लाल, अंगावर दोन चादरी. उजवा हात माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "घे. मधल्या बोटाचा."

आम्ही डाव्या हाताचं बोट टोचत असू, तसा नियम होता. मी डावा हात मागितला.

"नाय. उजव्याचा घे. ताप उजव्यातून आला. डाव्याला नवाला परत तेल लावला होता."

"मावशी, रक्त सगळं एकच असतं."

"ते तुला म्हाइत, मना म्हाइत. गावाला कोन सांगनार? नाव तेलाचा जाईल. तू कागदावर लिव, उजवा."

दात वाजत असताना ती बाई माझ्याशी हुज्जत घालत होती. मी उजव्या हाताचं रक्त घेतलं आणि फॉर्मच्या शेऱ्याच्या रकान्यात 'उजवा' असं लिहिलं. महिन्याभराने साहेबांनी तो कागद माझ्यापुढे सरकवून हे काय म्हणून विचारलं. मी म्हणालो, चुकून पडलं. तेवढंच एक अक्षर माझ्या सगळ्या नोकरीत मी मनापासून लिहिलं होतं आणि तेही मला नाकारावं लागलं.

मावशींचा ताप गोळ्यांनी गेला. पाचही दिवसांच्या गोळ्या त्यांनी माझ्या समोर घेतल्या, पाणी ग्रेसीने आणून दिलं. पहिल्या दिवशी तिने तांब्या लांबून खाली ठेवला. पाचव्या दिवशी हातात दिला. त्यापलीकडे मी काही पाहिलं नाही.

नंतर खात्याने गावोगाव तापाच्या गोळ्या ठेवायला एकेक घर नेमायचं ठरवलं, तेव्हा मी मावशींचं नाव दिलं. त्यांनी आपला एक कायदा केला. ज्याच्या घरात ताप आहे त्याने आधी समोर उभं राहून गोळी गिळायची, जीभ काढून दाखवायची, मगच तेलाची बाटली भरून मिळायची. शहाणीसुरती माणसं, शाळेचे हेडमास्तरसुद्धा, मावशींपुढे जीभ काढून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. माझ्या पाच गावांत काचपट्ट्या सर्वात जास्त याच गावातून येत आणि गोळ्या वळचणीला फेकलेल्या सर्वात कमी इथेच सापडत. याचं श्रेय मला मिळालं. मी ते घेतलं.

विरारचा एक औषधविक्याही एकदा आला होता. तेल बाटल्यांत भरून विकू म्हणाला. बाटलीवरच्या चिठ्ठीचा मजकूर लिहूनच आणला होता: 'मलेरियापासून संपूर्ण संरक्षण'. मावशींनी तो जोसफकडून दोनदा वाचून घेतला. "संपूर्न म्हंजे किती?" त्याला वाटलं, बाई भाव विचारतेय. मावशी म्हणाल्या, "दोन घंटे. तसा लिव." तो म्हणाला, दोन तास लिहिलं तर घेणार कोण? "ज्याला दोन घंटे पायजे तो घेईल." तो चहा न घेता गेला.

ग्रेसीला पुन्हा दिवस गेले ते दोन वर्षांनी. मला हे जोसफने सांगितलं आणि पुढचं मी एका फेरीला स्वतः पाहिलं. घंटा झाली. मावशी बाटली घेऊन उठल्या, पण ग्रेसीच्या खोलीकडे न जाता दाराबाहेर निघाल्या. दोन वर्षांची तशी सवयच झाली होती. मागून ग्रेसी म्हणाली, "आय." मावशी वळल्या. ग्रेसी ओटीवर बसली होती आणि तिने दोन्ही हात पुढे केले होते. मावशी तिच्या समोर खाली बसल्या आणि तेल लावू लागल्या. लावता लावता म्हणाल्या, "नवाला परत लावायचा हाय." ग्रेसी म्हणाली, "म्हाइत हाय. मी जागी राहीन." मी चहा न मागता निघून आलो. बाळंतपणापर्यंतच्या चार महिन्यांत एकही रात्र चुकली नाही, असं जोसफ सांगे; वर मच्छरदाणी आणि दर फेरीला बोट टोचणं होतंच, ताप असो वा नसो. मुलगी झाली. नाव ठेवताना मावशींचं नाव द्यायचं ठरलं, तर त्याच नको म्हणाल्या.

पुढची वर्षं तशी सरळ गेली. माझी बदली झाली, मग परत इकडेच आलो. नालासोपाऱ्याकडून इमारती येऊ लागल्या, बावखलं भरली जाऊ लागली, दुकानांत डासांच्या अगरबत्त्या आणि वेटोळी मिळू लागली. मावशींची बाटली मागणारी घरं उरली आठ-दहा. तरी नवा घाणा उतरला की त्या पायरीवर बसतच. ग्रेसी रागावे: "आता तरी दोनी हातांना लावा, आय. कोनासाठी मोजता?" मावशींचं उत्तर तेच. त्यांच्या उजव्या हाताची कातडी डाव्याहून वेगळी दिसू लागली होती, जाड, काळपट, बारीक खड्ड्याखड्ड्यांची. त्या हाताला त्यांनी उभ्या जन्मात तेलाचा थेंब लागू दिला नव्हता.

त्या गेल्या त्या म्हातारपणाने, ताप नाही, खोकला नाही. निरोप मिळाला तसा मी गेलो. दफन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. पावसाळ्याचे दिवस, ओटीवर आणि अंगणात माणसं बसलेली, मध्ये पेटी. मावशींना ठेवणीतलं लाल लुगडं नेसवलं होतं. हात छातीवर, उजवा वर, बोटांत तीच जपमाळ. माणसं हळू आवाजात प्रार्थना म्हणत होती आणि मधून मधून कोणाची तरी थप्पड स्वतःच्याच मानेवर पडत होती.

चर्चची घंटा झाली. ग्रेसी उठली, आतून बाटली घेऊन आली आणि एकेकाच्या समोर वाकून तेल देऊ लागली. कोणी विचारलं नाही, कोणी नको म्हणालं नाही. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी तेल सोडलं होतं त्यांनीही हात पुढे केले. माझ्यापाशी आली, माझ्याही हातांना लावलं. मग ती पेटीजवळ गेली. मुलगी तिच्या पदराला धरून उभी होती. ग्रेसीने तळहातावर तेल घेतलं आणि मावशींच्या उजव्या हाताला, मनगटापासून कोपरापर्यंत, सावकाश चोळून लावलं. एकही जागा कोरडी ठेवली नाही. मग तिने लुगड्याची निरी सारखी केली आणि जागेवर येऊन बसली.

सवयीने मी घड्याळ पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. नऊपर्यंत पुरणार होतं. नऊला परत लावावं लागणार होतं आणि ग्रेसी ते विसरणार नव्हती.